खोटी पट्टी कशाला हवी?

तोंडात एक पट्टी बसवली की एका आजारात चाल सुधारते, असं म्हणतात. ते खरं का, हे तपासायला मात्र एक खोटी पट्टीही लागते. का, ते बघू. समजा, शाहूपुरीतले एक आबा. जन्म गुळाच्या व्यापारात गेला. कधीतरी त्यांना तांबड्या रश्श्याचा वास येईनासा झाला, तेव्हा बिचाऱ्या सुनेच्या हाताला दोष गेला. पुढं वहीतलं अक्षर बारीक होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढं व्हायला लागलं. मग चालताना एक हात हलेना. आता उंबऱ्याशी आलं की पाय जमिनीला चिकटतात. पण हेच आबा पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या बिनबोभाट चढतात! घरच्यांना वाटतं, म्हातारा सोंग करतोय.

सोंग नाही, पार्किन्सन आहे, म्हणजे कंपवात. मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्यातून येणाऱ्या डोपामिन या रसायनावर आपल्या न ठरवता होणाऱ्या हालचाली चालतात. लक्षणं दिसू लागतात तोवर यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. पायरी मात्र डोळ्याला खूण देते, आणि मेंदू बिघडलेली वाट सोडून दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो. लेव्होडोपाच्या गोळीनं डोपामिनची भरपाई होते, पण काही वर्षांनी पुढची गोळी घ्यायच्या आधीच पहिलीचा असर उतरायला लागतो. म्हणून गोळीला जोड शोधली जाते. त्यातलीच एक कल्पना म्हणजे तोंडात बसवायची पट्टी.

दातांचा ठसा घेऊन ती करतात, कवळीसारखीच. ती घातली की वरचे-खालचे दात थेट टेकत नाहीत आणि जबडा किंचित वेगळ्या जागी राहतो. त्याचा पायांशी काय संबंध? दातांच्या मुळांभोवती आणि जबड्याच्या स्नायूंत दाब-ताण ओळखणारे तंतू असतात. त्यांचे निरोप चेहऱ्याच्या मोठ्या नसेतून मेंदूच्या देठात जातात. मान आणि तोल सांभाळणाऱ्या जोडण्याही तिथंच आहेत. शिवाय मान आपोआप वाकडी होण्याच्या एका विकारात काही रुग्ण हनुवटीला नुसतं बोट लावतात आणि मान सरळ येते. तेव्हा कल्पना अगदीच हवेतली नाही. पण कल्पना पटणं वेगळं आणि गुण येणं वेगळं.

आबांनी पट्टी घातली, तरातरा चालले, नातवानं व्हिडिओ काढून गावभर पाठवला. मला पहिला प्रश्न पडेल तो हा, की गोळी किती वाजता घेतली होती? तिचा असर चढलेला असला, तर चाल पट्टीनं सुधारली की गोळीनं, हे कसं कळणार?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी, ज्यांनी या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं, रुग्णांकडून ऐकलं होतं की गाडीत हादरे बसले की बरं वाटतं. त्यांनी थरथरणारी खुर्चीच बनवून घेतली आणि 1892 मध्ये गुण येतो म्हणून सांगितलं. तब्बल 120 वर्षांनी शिकागोत तिची नीट परीक्षा झाली. काहींची खुर्ची हलवली, काहींना न हलणाऱ्या खुर्चीत नुसते आवाज ऐकवले. सुधारले दोन्ही गट, आणि सारखेच. 2001 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तर औषध असू शकेल असं सांगून नुसतं मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिल्यावरही रुग्णांच्या मेंदूत डोपामिन सुटताना स्कॅनवर पाहिलं. म्हणजे या आजारात आशा स्वतःच थोडं औषध तयार करते.

म्हणून चाचणीत खोटी पट्टी लागते. टाळ्याला बसेल, तोंडात जाणवेल, पण जबड्याची जागा बदलणार नाही अशी. आबांना दोन्ही घालून बघायच्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. गोळीआधी आणि गोळीनंतर, दोन्ही वेळा मोजायचं. खुर्चीतून उठून 3 मीटर चालून परत बसायला किती सेकंद लागतात, उंबऱ्यात पाय किती वेळा अडकतो. व्हिडिओ बघून मोजमाप करणाऱ्याला पट्टी कोणती हे कळता कामा नये, म्हणून आबांच्या तोंडाला मास्क. हाताचा ताठरपणा मात्र व्हिडिओत दिसत नाही, तो हात धरूनच बघावा लागतो.

आणखी एक. या आजारात गिळणं मंदावतं, लाळ साठते. सैल पट्टी घशात गेली तर जिवावर बेतेल, म्हणून बाजारातली तयार पट्टी उकळत्या पाण्यात मऊ करून घरीच बसवायच्या भानगडीत पडू नये.

उंबऱ्याअलीकडं पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मात्र घरी मारता येतात. घाटाच्या पायरीचं काम त्या करतात. अंतर किती ठेवायचं ते फिजिओथेरपिस्ट आबांना चालवून बघून सांगतील.