मोडलेला घोटा: स्क्रू की दोरी?

पावसाळा लागला की हरिहरच्या उभ्या पायऱ्या, अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि इकडे रामकुंडाजवळचा शेवाळलेला घाट, पाय घसरायला नाशिकमध्ये जागांची कमी नसते. घोटा मोडलेल्या माणसाला भेटायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आत काय टाकलंय?" हल्ली कधीकधी उत्तर येतं, "स्क्रू नाही, दोरी टाकलीय. नवीन आहे." ऐकणाऱ्याला वाटतं, दोरी म्हणजे भारी आणि स्क्रू म्हणजे जुनाट. खरी गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि फार सुंदर आहे.

नडगीचं जाड हाड टिबिया, तिच्या बाहेरच्या अंगाला बारीक फिब्युला. दोघी मिळून खाली एक खाच तयार करतात आणि तिच्यात टॅलस नावाचं हाड बसतं. ही खाच किती नेमकी लागते? रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये मृतदेहांच्या घोट्यांवर मोजून दाखवलं, की टॅलस फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकलं तरी सांध्यातली टेकण्याची जागा सरासरी ४२ टक्क्यांनी घटते. वजन तेवढंच, जागा कमी. कूर्चा, म्हणजे सांध्यातलं हाडांवरचं गुळगुळीत आवरण, झिजायला एवढं पुरतं.

फिब्युला मोडली तर प्लेट आणि स्क्रू लावून ती जुळवतात, त्यात फारसा वाद नाही. वाद आहे तो दोन्ही हाडांना खाली एकत्र धरणारे अस्थिबंध फाटतात तेव्हा. या जोडाला सिंडेस्मोसिस म्हणतात.

टॅलस पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. आपण जिना चढतो किंवा उकिडवे बसतो तेव्हा पाऊल नडगीकडे वर येतं आणि टॅलसचा रुंद भाग खाचेत शिरतो. त्याला जागा द्यायला फिब्युला किंचित बाहेर सरकते, थोडी स्वतःभोवती वळतेही. पाऊल खाली गेलं की अस्थिबंध तिला परत ओढून घेतात. म्हणजे खाच स्वतःच हलती आहे! फाटलेल्या अस्थिबंधांच्या जागी दोन्ही हाडांतून आडवा स्क्रू घातला की ही हालचाल अडते. वजन घेऊन चालायला लागल्यावर स्क्रूवर पुन्हापुन्हा ताण येतो. तार सारखी मागेपुढे वाकवली की तुटते, तसा तो कधी तुटतो, नाहीतर ढिला होतो.

दोरीच्या पद्धतीत दोन्ही हाडांतून आरपार भोक पाडून पॉलिएथिलिनचा अतिशय मजबूत धागा ओवतात आणि दोन्ही टोकांना धातूची छोटी बटणं बसवतात. हाडं फाकत नाहीत, पण थोडी हलू शकतात. शिवाय फिब्युला बसवताना जराशी चूक झाली तर स्क्रू ती चूक पक्की करतो, दोरी मात्र फिब्युलाला आपल्या खोबणीत स्थिरावायला थोडी मोकळीक देते. नॉर्वेतल्या ९७ रुग्णांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर दोरीवाल्यांचे घोटे जास्त चांगले निघाले. तरीही दोरी महाग पडते, आणि फिब्युलाचा चुरा होऊन लांबी कमी झाली असेल तर एकटी दोरी ती टिकवू शकत नाही. तिथे स्क्रूच लागतो.

"स्क्रू काढलाच पाहिजे" हाही समज घट्ट बसलेला आहे. नेदरलँड्समधल्या २०२१ च्या अभ्यासात सरसकट स्क्रू काढणं आणि त्रास झाला तरच काढणं, यांच्या परिणामात उणंअधिक आढळलं नाही.

हाडवैद्याकडच्या मालिशीबद्दल स्पष्टच लिहितो. एक मिलिमीटरचा हिशोब असलेला ताजा मोडलेला सांधा तेल लावून चोळू नये. तो आणखी सरकतो, आणि सूज वाढून पायाचा रक्तपुरवठाही धोक्यात येऊ शकतो.

ऑपरेशन प्रत्येकालाच लागतं असंही नाही. साठी ओलांडलेल्या ६२० जणांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, भूल देऊन घोटा नीट बसवून अगदी अंगासरशी प्लास्टर घातलेले रुग्ण सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांइतकेच चालत-फिरत होते. प्लास्टरवाल्यांत हाड वाकडं जुळण्याचं प्रमाण जास्त होतं, ऑपरेशनवाल्यांत जखम चिघळण्याचं.