मॉडिफाय केलेल्या फोर बाय फोरचा अर्ज नागपुरात कुठे अडतो?

"आधी बसवून टाकू, चौदा दिवसांत कळवलं की झालं." थार, जिप्सी नाहीतर महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप घेऊन चिखलात उतरणाऱ्या किती जणांकडून हे वाक्य ऐकलं असेल, मोजदाद नाही. अर्ज परत येण्याची सुरुवात इथूनच होते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये चौदा दिवस लिहिलेत हे खरं. पण ते मंजुरी घेऊन केलेला बदल आरसीवर चढवून घेण्यासाठी आहेत. आधी आरटीओकडे अर्ज, मग मंजुरी, मग गॅरेज, आणि काम झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत आरसी घेऊन परत कार्यालयात, असा तो क्रम. गॅरेजवाला उलटा क्रम सांगतो, कारण त्याचं बिल त्याच दिवशी निघतं.

अर्ज केला की मंजुरी मिळतेच, हाही एक गैरसमज. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही. त्यामुळे चेसिस कापणं, लांबी वाढवणं, बॉडीचा प्रकार बदलणं यासाठी अर्ज लिहिण्यात वेळ घालवू नका. रंग बदलायचा असेल, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवायचं असेल किंवा खराब इंजिनाच्या जागी त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं असेल, तर अर्जाला अर्थ आहे. बुलबारचा, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी गार्डचा, विषय डिसेंबर २०१७ मध्येच संपला. त्यावर कारवाई करा असं केंद्रीय परिवहन मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं. समोर सर्चलाइट लावायला केंद्रीय मोटार वाहन नियम १११ खाली नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि तीही अपवाद म्हणूनच. टायर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी देते त्या मापाचे असतील तर सहसा कोणी बोलत नाही. फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, बाहेर आलेले असतील तर बोलतात, आणि बरोबरच बोलतात.

गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटला परवानगी लागत नाही, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. तेवढं वाक्य बिलावर लिहून द्या म्हणा, बोलणं तिथंच थांबतं. दंडाचं कलम त्याच अधिनियमाचं १८२-अ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये, किंवा दोन्ही. हे पाच हजार प्रत्येक बदलामागे आहेत, गाडीमागे नाहीत.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: बदललेल्या इंजिनाचं बिल. जुन्या जीपवाल्यांची गाडी इथंच रुतते. आमच्या ओळखीच्या एका पोरानं हिंगण्याकडच्या गॅरेजात इंजिन बदलून घेतलं आणि वर्षभरानं नोंदीसाठी गेला. खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर लिहिलं होतं, "जुने डिझेल इंजिन, एक नग, चालू." ना नंबर, ना जीएसटी, ना विकणाऱ्याची सही. खिडकीतल्या माणसानं ती उलटी करून पाहिली, मागं टपरीचा हिशेब होता. चिठ्ठी परत, अर्जही परत. कार्यालयाला दोन गोष्टींची खात्री हवी असते: इंजिन चोरीचं नाही आणि ते त्याच मेकचं आहे. म्हणून इंजिन घेतानाच त्याचा नंबर लिहिलेलं पक्कं बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत आणि ती नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागून घ्या. विकणारा "नंतर देतो" म्हणाला तर इंजिन पण नंतरच घ्या. वर्षभरानं तो माणूस सापडत नाही, सापडला तर ओळख देत नाही.

बाकीच्या कागदांत विशेष काही नाही: आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं लेखी संमतिपत्र लागतं आणि ते मिळायला वेळ जातो, म्हणून त्याचा अर्ज सगळ्यात आधी टाका. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली नसेल तर ती आधी बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच पायरीवर थांबाल.

अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरायचा. इथं खरा त्रास ओटीपीचा. आरसीला जोडलेला नंबर कधी शोरूमच्या पोराचा असतो, कधी मागच्या मालकाचा. तो आधी बदलून घ्या. मग कार्यालय कोणतं ते पाहा. एमएच-३१ म्हणजे नागपूर शहर, एमएच-४९ पूर्व नागपूर, एमएच-४० ग्रामीण. प्लेटवर ३१ आहे म्हणून गिरीपेठेतल्या शहर कार्यालयात रांग लावायची आणि राहायला मात्र कामठीला, हे मी बघितलंय. अर्ज राहत्या पत्त्याच्या कार्यालयात जातो. पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत कळवायचं असतं, ते आपल्याकडं कोण करतं? करा.

तपासणीला गाडी नेताना चेसिस नंबर वाचता येतो का, एवढं बघा. गंजू नये म्हणून लोक खालून काळं अंडरकोटिंग मारतात आणि नंबर त्याखाली गडप. वर आपली काळी माती वाळून सिमेंटसारखी बसलेली. निरीक्षक पेन्सिलीनं छाप घ्यायला वाकतो आणि उठतो तेव्हा तारीख पुढची मिळते. आदल्या दिवशी थिनरच्या फडक्यानं तेवढा भाग मोकळा करायला पाच मिनिटं पुरतात.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५ लागतो. नोंदणी संपण्याआधीच्या साठ दिवसांत तो भरायचा. संपल्यानंतर साठ दिवसांची सवलत असते असं काही जण वाचतात. तशी सवलत नाही, विलंब शुल्क आहे. या तपासणीत गाडी मूळ रूपात दिसावी लागते, तेव्हा कंपनीचा बंपर आणि टायर भंगारवाल्याला देऊ नका. ते परत मिळवायला फिरणारे पुष्कळ आहेत.

विम्याला बदल कळवला नसेल तर दावा अडतो. कळवला असला तरी पॉलिसीच्या 'वापराच्या मर्यादा' वाचा: संघटित शर्यत, वेग चाचणी आणि विश्वासार्हता चाचणी तिथं वगळलेली असते. रविवारच्या ट्रेलवर मोडलेला अॅक्सल पॉलिसीतून निघेल या भरवशावर राहू नका.

शेवटचा मुद्दा गाडीचा नाही, जमिनीचा. पेंच, बोर किंवा उमरेड-कऱ्हांडला या संरक्षित जंगलांत आपली गाडी आपल्या मर्जीनं घालता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. फसगत होते ती गावाबाहेरच्या ओसाड माळावर. चार बोरी-बाभळी, कोणी राखणदार नाही, म्हणून लोक गाडी घालतात. पूर्व विदर्भात अशा कित्येक जमिनी महसुली नोंदीत 'झुडपी जंगल' आहेत, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या वनजमीन म्हणूनच धरायच्या असं सांगितलं. म्हणजे तिथं वनविभागाचा प्रश्न येतो, सरपंचाच्या तोंडी होकारानं भागत नाही. खासगी शेत असेल तर मालकाची लेखी संमती घ्या आणि सातबारा स्वतः काढून बघा. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो. मालकानं दाखवलेल्या जुन्या झेरॉक्सवर जाऊ नका. त्याच्या धुऱ्यापलीकडचा गट कोणाचा आहे, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या, कारण गाडी वळवायला लागते ती जागा बहुतेक वेळा तिकडचीच असते.