काळी, भुसभुशीत आणि अर्धी गोट्यांची: मॅडिसन खोऱ्यातली माती

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात मॅडिसन नदीच्या खोऱ्यात गुरांच्या रानांभोवती एक चमत्कारिक लाकडी कुंपण दिसतं. ठरावीक अंतरावर दोन ओंडके कैचीसारखे एकमेकांत अडकवून जमिनीवर नुसते उभे केलेले आणि त्यांवर आडव्या बल्ल्या ठोकलेल्या. पुरलेला खांब एकही नाही. यात हौसेचा भाग कमी, नाइलाजाचा जास्त. खांबासाठी खड्डा घ्यायला जावं तर पहार पहिल्या वितीतच गोट्यावर खणकते, तो उपसला की खाली दुसरा. जिद्दीने खांब पुरलाच, तर हिवाळ्यात गोठणारी जमीन त्याला दरवर्षी थोडाथोडा वर उचलते.

आपल्याकडे अशा जमिनीला बरड म्हणून कोणीही मोकळा होईल. पण दोन गोट्यांमधली माती चिमटीत धरून पाहिली की मत बदलतं. ओली असताना ती गर्द तपकिरी, जवळजवळ काळी दिसते. बोटांनी दाबली की कणीदार फुटते, ढेकूळ धरत नाही. आणि गवताच्या बारीक मुळ्यांचं जाळं तिला असं गच्च धरून असतं की ढलपी उचलली तरी माती सांडत नाही. भारी जमिनीचे हे सगळे गुण, फक्त निम्मी जागा दगडांनी अडवलेली. या जमिनीबद्दलचे बहुतेक गैरसमज इथेच सुरू होतात: दगडाचा आणि मातीचा हिशेब वेगवेगळा मांडला नाही, तर पाणी, कर्ब, खत यांचा प्रत्येक आकडा चुकतो.

गोटे आले कुठून? एनिस हे खोऱ्यातलं गाव सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. पूर्वेला मॅडिसन पर्वतरांग भिंतीसारखी उभी आहे. हिमयुगात तिच्या माथ्यावर हिमनद्या होत्या. त्यांनी कातलेला माल ओढ्यांनी खाली आणला आणि उतार संपताच टाकून दिला. ओढा दरीतून मोकळ्यावर आला की पाण्याचा जोर संपतो. जड गोटे आधी पडतात, वाळू पुढे जाते, आणि गाळ पंख्यासारखा पसरतो. एनिसजवळचा सीडर ओढ्याचा पंखा इतका रेखीव आहे की भूगोलाच्या वर्गात नमुना म्हणून त्याचेच नकाशे दाखवतात. पंख्याच्या मुठीजवळ डोक्याएवढे धोंडे, कडेला नदीजवळ अंड्याएवढे गोटे. म्हणजे एकाच रानात दोन टोकांना दोन वेगळ्या जमिनी सापडतात, आणि मातीचा नमुना कुठून घेतला हे लिहून ठेवलं नाही तर त्या नमुन्याला काही अर्थ उरत नाही.

मृदाशास्त्रात २ मिलिमीटरच्या चाळणीतून जे खाली पडतं तेवढीच माती. वर राहिलं ते दगड. दगड आकारमानाने ३५ टक्के किंवा जास्त भरले तर अमेरिकी वर्गीकरण त्या जमिनीला ‘सांगाडी’ ठरवतं. शब्द मोठा नेमका आहे. दगडांचा सांगाडा, आणि माती त्याच्या फटींत भरलेलं मांस. गडद, मऊ, कॅल्शियमसारख्या क्षारकांनी समृद्ध अशा वरच्या थरामुळे हीच जमीन मॉलिसॉल या मोठ्या गटातही बसते. ‘मोलिस’ म्हणजे लॅटिनमध्ये मऊ. सांगाडी आणि मऊ ही दोन्ही विशेषणं एकाच जमिनीला लागतात, तिथे ती गमतीची होते.

रंगाबद्दल मराठी वाचकाला सावध करायला हवं. आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याच्या आत असतो. तिचा काळेपणा चिकणमातीला घट्ट धरून राहिलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा आणि खनिजांचा. मॅडिसन खोऱ्यातला काळेपणा मात्र खरोखरच कुजलेल्या मुळ्यांचा आहे. ब्लूबंच व्हीटग्रास आणि आयडाहो फेस्क्यू ही इथली मुख्य गवतं. त्यांचा बराच मोठा भाग जमिनीखाली असतो आणि दरवर्षी त्यातल्या कितीतरी मुळ्या मरतात. त्या कुजवायचं काम सूक्ष्मजीवांचं, पण त्यांना ऊब आणि ओल एकाच वेळी लागते. इथे हिवाळ्यात जमीन गोठलेली, वसंतात ओली पण गार, जुलै-ऑगस्टमध्ये उबदार पण कोरडी. ५० सेंटिमीटर खोलीवर मातीचं वर्षाचं सरासरी तापमान ८ अंशांच्या खालीच राहतं. भरणा चालू आणि खर्च मंद, म्हणून शिल्लक वाढते.

आता मोजमाप. दगडांचं प्रमाण डोळ्यांनी ठरवायला गेलं की हमखास फसगत होते, कारण खड्ड्याच्या भिंतीत मोठे गोटे आधी नजरेत भरतात. खात्रीची रीत अशी. साधारण ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा आणि निघालेला सगळा माल ताडपत्रीवर काढायचा. भिंतीतून अर्धवट डोकावणारा गोटा फोडायचा नाही. अख्खा ओढून काढायचा, त्याची खोबण राहिली तरी चालेल. मग खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक नीट बसवून, काठापर्यंत पाणी मोजून ओतायचं. जेवढे लिटर पाणी तेवढं खड्ड्याचं खरं आकारमान, खोबणींसकट. माल वाळवून चाळायचा, दगडांना चिकटलेली माती धुऊन किंवा ब्रशने काढायची, आणि दोन्ही ढीग वेगळे तोलायचे.

समजा पाणी २७ लिटर बसलं, दगड ३२ किलो भरले आणि कोरडी माती १८ किलो. वजनाने दगड ६४ टक्के झाले. पण दगडाची घनता लिटरला साधारण २.६५ किलो, म्हणजे ३२ किलो दगडांनी १२ लिटर जागा व्यापली: आकारमानाने ४५ टक्के. उरलेल्या १५ लिटरमध्ये १८ किलो माती, म्हणजे लिटरला १.२ किलो, सैल आणि निरोगी. वजनाची टक्केवारी आकारमानाच्या जागी वापरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक, आणि तिने जमीन आहे त्याहून कितीतरी निकृष्ट दिसते. धोंडे फुटबॉलएवढे असतील तर हा खड्डा पुरत नाही. एका धोंड्याने सगळा आकडा हलतो. तिथे मीटरभराचा खड्डा घ्यावा लागतो.

उलट चूक प्रयोगशाळेच्या कागदावर होते. तिथे तपासली जाते ती फक्त चाळलेली माती. कर्ब २.५ टक्के आला, तर ३० सेंटिमीटर खोलीचा हिशेब हेक्टरी ९० टन दाखवतो. पण जमिनीच्या ४५ टक्के जागेत दगडच आहेत, तेव्हा खरा साठा ५० टनांच्या आसपास. खताच्या शिफारशीलाही हीच कात्री लावावी लागते.

पाण्याचं गणित थोडं वेगळं वळण घेतं. पोयट्याची दगडविरहित माती दर सेंटिमीटरला साधारण १.७ मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. ६० सेंटिमीटरला १०२ मिलिमीटर. ४५ टक्के दगड वजा केले की ५६. जुलैत गवत दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी पीत असेल, तर बावीस-तेवीस दिवसांची बेगमी बारा दिवसांवर येते. इथे वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम ३०० मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा मे-जूनमध्ये. म्हणून जुलै सरता सरता डोंगरउतार पिवळे पडतात.

पण दगड नुसते नुकसानच करतात असं नाही. कोरड्या पोयट्यावर १० मिलिमीटरची सर पडली तर जेमतेम ६ सेंटिमीटर ओल जाते, आणि दोन दिवसांच्या उन्हात उडून जाते. गोटाळ जमिनीत तेच पाणी कमी मातीत वाटायचं असल्याने ११ सेंटिमीटरपर्यंत उतरतं, उन्हाच्या तावडीतून सुटतं. कमी पावसाच्या मुलखात गवताच्या झुबक्यांना गोटाळ जमीन मानवते ती बरीचशी यामुळे.

खड्डा हात-दीड हात खोल गेला की एक गोटा जपून बाहेर काढावा, वरची बाजू लक्षात ठेवून. वरून तो स्वच्छ, उलटा केला तर तळाला पांढरं कवच, नखाने खरवडलं तर पिठूळ. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसतं. हा चुना. पर्वतातल्या चुनखडकातून आणि वाऱ्याने आणलेल्या धुळीतून तो वरच्या थरात येतो, पावसाच्या पाण्यात विरघळून खाली उतरतो. पाणी गोट्याच्या कडेने ओघळून तळाशी थेंबासारखं लटकतं, मुळं ते शोषून घेतात आणि चुना मागे राहतो. वरच्या वीतभर मातीत आम्ल फसफसत नाही आणि खाली फसफसतं, ती सीमा म्हणजे बऱ्याच वर्षांच्या पावसाने गाठलेली सरासरी खोली. वाचायला आलं तर हे पर्जन्यमापकाहून जुनं दप्तर आहे.

त्यात वयही लिहिलेलं असतं. गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन या मृदाशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये न्यू मेक्सिकोच्या कोरड्या उतारांवरून चुना साचण्याच्या अवस्था मांडल्या: आधी गोट्याच्या तळाला पातळ, तुटक थर, मग गोट्याला सगळीकडून वेढणारं कवच, मग गोट्यांमधल्या फटी भरून गच्च झालेला थर, शेवटी त्यावर साचलेले पापुद्रे. नदीने मागे सोडलेल्या सपाट पायऱ्यांपैकी काठच्या तरुण पायरीवर पहिली अवस्था आणि वरच्या जुन्या पायरीवर पुढची दिसली, तर पायऱ्यांचा क्रम उघड होतो. एक खबरदारी: कवच गोट्याच्या वरच्या बाजूला किंवा कुशीला सापडलं, तर तो गोटा मागाहून उलटलेला आहे. नांगराने, जनावराने किंवा गोठणीने.

गोठणीचं कसं चालतं? दगडातून उष्णता मातीपेक्षा लवकर निसटते. म्हणून थंडी खाली उतरताना गोट्याच्या तळाशी आजूबाजूच्या मातीच्या आधी बर्फ धरतो. बारीक पोयटा ओल वर खेचत राहतो, बर्फाची चकती जाड होते आणि गोट्याला उचलते. वसंतात बर्फ वितळतो, पण गोटा जागेवर परतायच्या आत खालच्या पोकळीत माती ढासळते. दरवर्षी थोडं थोडं. नांगरलेल्या शेतात दर वसंतात दगडांचं नवं ‘पीक’ उगवतं ते असं. ओल कमी किंवा नुसती भरड वाळू असेल तर हा खेळ रंगत नाही.

याच्या नेमकं उलट काम पॉकेट गोफर करतो. गालांना बाहेरून पिशव्या असलेला हा उंदीरवर्गी प्राणी बिळं खोदून माती आणि सुपारीएवढे खडे वर आणून टाकतो. मोठे गोटे त्याला हलत नाहीत. त्यांच्याखालची माती मात्र जाते आणि ते हळूहळू खाली बसतात. हिवाळ्यात तो बर्फात बोगदे काढून त्यांत माती भरतो, आणि बर्फ गेला की गवतावर दोरखंडासारख्या मातीच्या वळकट्या पडलेल्या दिसतात. त्यामुळे गोफर जास्त तिथे वरची वीतभर माती जवळजवळ बिनगोट्याची असते आणि खाली दगडांचा पट्टा. वरून पाहून जमीन चांगली म्हणावी आणि फसावं ते इथेच.

चराईत नडतो तो वसंत. बर्फ नुकता वितळलेला, वरची माती चिंब आणि खालची अजून गोठलेली, त्यामुळे पाणी मुरत नाही. या दिवसांत गुरं सोडली तर खुरांखाली मातीची कणीदार रचना चेपते. त्यातच व्हीटग्रासचं वाढीचं टोक फुलोऱ्याआधी वर चढतं. ते खुडलं गेलं की झुबका त्या वर्षी पुन्हा नीट उभा राहत नाही. मोकळी झालेली जागा स्पॉटेड नॅपवीड हे युरोपातून आलेलं तण बळकावतं. त्याचं सोटमूळ खोल जातं आणि उन्हाळ्यातली ओल त्यालाच मिळते.

पाणी द्यायचं तर थोडं आणि वारंवार, तुषार सिंचनाने. ५६ मिलिमीटरच्या भांड्यात १०० ओतले तर ४४ खालच्या गोट्यांत उतरतात, आणि नत्रही सोबत घेऊन जातात. घराच्या शोषखड्ड्याचंही तेच. भरड गोट्यांतून सांडपाणी इतक्या झपाट्याने निघून जातं की गाळलं जायला वेळच मिळत नाही. खड्डा कधी तुंबत नाही म्हणून मालक खूश असतो, आणि तेच पाणी उताराखालच्या विहिरीत निघतं.