टाका नाही, डाग आहे

हात धुतले, पुन्हा धुतले, कातडी सोलवटली तरी धुणं थांबेना. जुन्या घरांत अशा बाईला ‘फार सोवळ्याची’ म्हणत आणि विषय तिथेच मिटे. आता त्याला ओसीडी म्हणतात, आपल्या भाषेत मंत्रचळ. औषधं आणि वर्तनोपचारांनी पुष्कळांना उतार पडतो. काही जणांना मात्र वर्षानुवर्षं सगळं करूनही पडत नाही. अशा चार जणांवर दक्षिण कोरियात, सोलच्या योन्सेई विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ध्वनिलहरींनी मेंदूची शस्त्रक्रिया केली. तिचा अहवाल २०१५ मध्ये आला.

पेशंट जागाच असतो. डोक्याचा गोटा करून त्यावर फ्रेम घट्ट बसवतात आणि त्याला एमआरआयच्या बोगद्यात घेतात. डोक्यावरच्या हेल्मेटमध्ये १०२४ छोटे ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारी उपकरणं, असतात. कवटीचं हाड ध्वनी शोषून तापतं, म्हणून हेल्मेट आणि टाळूच्या मध्ये गार पाणी खेळवत ठेवतात.

खरी करामत वेळेची आहे. ढोलपथकातले हजार वादक मैदानभर विखुरलेत, आणि मधोमध उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या कानावर सगळ्यांचा ठोका एकदम पडायला हवा, असं समजा. मग लांबच्याने आधी टिपरू मारायला हवं, जवळच्याने उशिरा. इथे तर वाटेत कवटीची भिंत, तीही कुठे जाड, कुठे पातळ. म्हणून आधी सीटी स्कॅन काढतात आणि प्रत्येक ट्रान्सड्यूसरची वेळ संगणक त्यावरून ठरवतो. एकटी लहर वाटेतल्या पेशींना धक्का लावत नाही. सगळ्या जिथे जुळतात तो काही मिलिमीटरचा ठिपका मात्र पन्नास अंशांच्या वर तापतो आणि भाजला जातो.

ओसीडीत हा ठिपका ‘इंटर्नल कॅप्सूल’च्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना देतात. मेंदूचा पुढचा भाग आणि थॅलॅमस हे खोल आतलं केंद्र यांना जोडणाऱ्या तंतूंचा तो जुडगा. शंका आणि कृतीचं चक्र या वाटेवरच फिरत राहतं, असा कयास आहे.

हातांच्या कंपावर हेच यंत्र वापरतात, तेव्हा डॉक्टर मध्येच पेशंटला कागदावर वर्तुळं काढायला लावतात. रेघ थरथरली नाही की नेम बरोबर. मंत्रचळात अशी सोय नाही. एमआरआय आतलं तापमान दाखवतो, तेवढाच आधार. गुण दिसायला आठवडे, कधी महिने लागतात.

कल्पना तशी जुनीच. पेटर लिंडस्ट्रॉम या न्यूरोसर्जनने (अभिनेत्री इंग्रिड बर्गमनचा पहिला नवरा) १९५०च्या दशकात लोबॉटमीला (मेंदूच्या पुढच्या भागाचे तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेला) पर्याय म्हणून ध्वनिलहरी वापरून पाहिल्या होत्या, पण त्याला कवटीला भोक पाडावं लागे. लोबॉटमीचा जनक एगास मोनिझला तर १९४९ मध्ये नोबेल मिळालं. त्या काळात किती माणसं कायमची मंदावली, हे आठवलं की ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ या जाहिरातीछाप शब्दावर माझा तरी पटकन विश्वास बसत नाही. टाका नसला तरी डाग कायमचा आहे. दुसऱ्या एका उपचारात मेंदूत विजेचा इलेक्ट्रोड बसवतात, तो बंद करता येतो; भाजलेला ठिपका परत आणता येत नाही.

आकडे मात्र धीर देणारे आहेत. सोलच्या ११ पेशंटांची दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्रासाचा सरासरी गुणांक ४० पैकी सुमारे ३४ वरून २१ वर आला होता. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात ओसीडीच्या सहापैकी चौघांना गुण आला, नैराश्याच्या सहापैकी दोघांनाच. विचारशक्ती घटल्याचं आढळलं नाही. पण इतक्या थोड्या माणसांवरून फार बोलू नये, आणि आपल्यावर काय केलंय हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे काही गुण नुसत्या आशेचाही असू शकतो. शिवाय काहींच्या कवटीचं हाडच असं असतं की ठिपका पुरेसा तापत नाही.

भारतात मानसिक आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार पेशंटची स्वतःची संमती आणि संबंधित मंडळाची मंजुरी, दोन्ही लागतात. नातेवाइकांनी परस्पर सही करून चालत नाही.

आणि ते २१ गुण? त्या मोजपट्टीवर ३४ म्हणजे अतितीव्र, २१ म्हणजे मध्यम. आजार आहेच, फक्त दोन पायऱ्या खाली.