पेशीपटलातील मेद आणि रिसेप्टर : एका बदललेल्या समजुतीची पार्श्वभूमी

अकरावीच्या जीवशास्त्राच्या वहीत पेशीपटलाची आकृती काढताना नागपुरातला विद्यार्थी, इतर कुठल्याही विद्यार्थ्याप्रमाणे, मेदरेणूंच्या दोन ओळी भराभर काढून मोकळा होतो आणि त्यांत रुतलेल्या प्रथिनांना नावे देण्यात सगळा वेळ घालवतो. संशोधनातही बराच काळ असेच चालले. संप्रेरके, चेतापारेषके आणि औषधे ज्या ग्राही प्रथिनांना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन चिकटतात त्यांचा अभ्यास कसून झाला. ती ज्या मेदात बसलेली असतात तो मात्र निव्वळ आधार मानला गेला. मेदाची घडण बदलली की रिसेप्टरचे वागणेही बदलते, ही गोष्ट सर्वमान्य व्हायला विसावे शतक सरावे लागले. या विलंबाचे मुख्य कारण, माझ्या मते, साधनांचे आहे : मेदाला धक्का न लावता त्याच्याकडे पाहण्याची सोयच नव्हती.

पहिल्याच महत्त्वाच्या प्रयोगात ही अडचण दिसते. १९२५ साली नेदरलंड्समधील लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या या पेशीत केंद्रक नसते, आतली पटलेही नसतात, त्यामुळे तिच्यातून निघेल तो मेद बाहेरच्या पटलाचाच असणार. ॲसिटोनने काढलेला हा मेद त्यांनी पाण्यावर एका रेणूच्या जाडीइतका पसरवला आणि त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाशी ताडून पाहिले. ते सुमारे दुप्पट भरले, म्हणून मेद दुहेरी थरात असावा, असे त्यांनी मांडले. पुढे लक्षात आले की ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशीचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. या दोन चुकांची परस्पर वजावट झाली आणि उत्तर बरोबर आले.

१९३५ साली डॅनिएली आणि डॅव्हसन यांनी या द्विस्तरावर बाहेरून प्रथिनांचे लेपन कल्पिले. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडली, तेव्हा दोन्हींची पृष्ठप्रथिने ३७ अंश तापमानाला साधारण चाळीस मिनिटांत एकमेकांत मिसळून गेली. १९७२ च्या सिंगर-निकोल्सन यांच्या द्रव-मोझेक प्रतिमानाने प्रथिने मेदात तरंगती ठरवली. प्रतिमान उत्तम होते, परंतु त्यातून मेद म्हणजे सगळीकडे एकसारखा पातळ पदार्थ, असा समज मात्र पक्का झाला.

वास्तविक त्याच सुमारास ब्रेचर यांनी दाखवले होते की तांबड्या पेशीच्या पटलाच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांतले मेद वेगवेगळे असतात. विदर्भात या मुद्द्याला केवळ पुस्तकी महत्त्व नाही. मध्य भारतातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांविषयी शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आला होता, आणि नागपूरच्या रुग्णालयांत या आजाराचे रुग्ण आजही नेहमीचे आहेत. निरोगी तांबड्या पेशीत फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद आतल्या थरात राखला जातो. सिकलसेलमध्ये पेशी वारंवार विळ्याच्या आकारात वाकते व पुन्हा सरळ होते, तेव्हा हा मेद काही पेशींत बाहेर उघडा पडतो. भक्षक पेशींचे रिसेप्टर तो नेमका ओळखतात आणि पेशी आयुष्य पुरे होण्याआधीच गिळली जाते. शिवाय रक्त गोठवणाऱ्या घटकांना या उघड्या मेदावर आयती जागा मिळते. इथे मेद स्वतःच संदेश असतो.

मेद रिसेप्टरचे काम आतून बदलतो, याचे पुरावे तुकड्यातुकड्यांनी आले. विद्युत-माशाच्या अवयवातून वेगळा केलेला ॲसिटिलकोलीन या चेतापारेषकाचा रिसेप्टर कृत्रिम पटलात बसवला, तर कोलेस्टेरॉल आणि ऋणभारित मेद यांच्यावाचून तो नीट चालत नाही, हे त्यांतले एक. १९८६ मध्ये हाकोमोरी यांच्या गटाला आढळले की जीएम३ हा शर्करायुक्त मेद ईजीएफ या वृद्धी-घटकाच्या रिसेप्टरची क्रिया मंदावतो. २०११ मध्ये शुद्ध रिसेप्टर आणि मोजके मेद एवढ्याच सामग्रीवर हा परिणाम पुन्हा दिसला, त्यामुळे पेशीतला तिसराच कुठला घटक मध्ये असावा, ही शंका मिटली.

मधल्या काळात वाद माजला तो मेद-तराफ्यांचा. कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड यांची दाट बेटे पटलात असतात व काही रिसेप्टर तिथे गोळा होतात, ही कल्पना सिमॉन्स आणि इकोनेन यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. पुरावा होता तो थंड डिटर्जंटमध्ये न विरघळणाऱ्या अंशाचा. डिटर्जंटच अशी बेटे घडवत असेल तर काय, हा आक्षेप रास्त होता. २००६ च्या एका परिषदेत या बेटांची व्याख्या १० ते २०० नॅनोमीटर आकाराची आणि सतत बदलती, अशी आटोपशीर केली गेली.

दुसरे साधन सायक्लोडेक्स्ट्रिन. हा साखरेच्या कड्यासारखा रेणू पटलातले कोलेस्टेरॉल स्वतःच्या पोकळीत घेऊन बाहेर काढतो. १९९७ मध्ये गिंपल आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिटोसिन रिसेप्टरवर कोलेस्टेरॉलचा प्रभाव असाच तपासला. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या प्रयोगशाळेने गायीगुरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसमधला सेरोटोनिन-१ए रिसेप्टर घेतला : कोलेस्टेरॉल काढले की संदेशरेणूचे बंधन घटले, परत घातले की बरेचसे सावरले. परत घालण्याची ही पायरीच निर्णायक, कारण सायक्लोडेक्स्ट्रिन इतर घटकही हलवू शकते आणि नुसत्या घटीवरून काहीच सिद्ध होत नाही.

ॲड्रेनलिनला प्रतिसाद देणाऱ्या बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टरची स्फटिक-रचना २००७ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षीच्या रचनेत प्रथिनाच्या खाचेत बसलेले कोलेस्टेरॉलचे रेणू स्पष्ट दिसले. २०१८ मध्ये पीआयपी२ हा मेद याच कुळातल्या काही रिसेप्टरची सक्रिय अवस्था स्थिर करतो, हे वस्तुमान-वर्णपटाने (मास स्पेक्ट्रोमेट्रीने) दाखवले गेले. तरीही मेद खाचेत बसून परिणाम घडवतो की पटलाची जाडी व ताण बदलून, याचा निवाडा प्रत्येक रिसेप्टरसाठी वेगळा करावा लागतो.

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सर्रास असते, म्हणून एक खुलासा इथेच केलेला बरा. स्टॅटिनमुळे रिसेप्टरचे वागणे बदलल्याचे निष्कर्ष बहुतांशी प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे आहेत, आणि तिथली मात्रा रुग्णाच्या रक्तातल्या मात्रेहून बरीच जास्त असते. शिवाय मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. तेव्हा या प्रयोगांचा दाखला देऊन कुणी गोळी बंद करू नये.