घाटावरचा समुद्र, टायमरवरचा चंद्र

बेळगावात बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्या बहुतेकांनी नेरीस हा समुद्री कृमी पाहिलेला असतो तो बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये, रंग उडालेला. जर्नलमध्ये आकृती काढायची, ‘हेटरोनेरीस’ असं लेबल लावायचं, सरांची सही घ्यायची, विषय संपला. जिवंत नेरीस तिकडे घाटाखाली, गोव्याला नाहीतर कारवारला.

याच कुळातला प्लॅटिनेरीस ड्युमेरिली हा काही सेंटिमीटर लांबीचा कृमी मात्र युरोपातल्या प्रयोगशाळांत 1950च्या दशकापासून पिढ्यान्पिढ्या वाढवला जातोय. त्यातल्या हायडेलबर्ग, व्हिएन्नासारख्या जागा समुद्रापासून आपल्यापेक्षा कितीतरी लांब आहेत. पाण्याचं काम सोपं: लिटरमागे साधारण 35 ग्रॅम तयार समुद्री क्षार. (स्वयंपाकाचं मीठ चालत नाही.) तापमान 18 अंश, खायला पालक आणि माशांचं खाद्य. प्लास्टिकच्या डब्यात तळाशी रेशमी नळी विणून तो मजेत राहतो.

खरी गोम अंड्यांची. समुद्रात याचं प्रजनन चंद्राच्या तालावर चालतं. कार्ल हाउएनशिल्ड या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की चंद्र खराच हवा असं नाही. महिन्यातल्या काही रात्री खोलीत मंद दिवा ठेवायचा, मग बंद करायचा. पुढच्या एक-दोन आठवड्यांत बरेच कृमी वयात येतात. संकष्टीला आपण दिनदर्शिकेत बेळगावचा चंद्रोदय बघतो, इथे तो टायमरवर लावायचा. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तेवढा आत येऊ द्यायचा नाही. ऊन आणि चांदणं यांतला फरक त्याला एल-क्राय नावाच्या प्रथिनामुळे कळतो, हे 2022मध्ये उलगडलं.

वयात आलेला कृमी खाणंच सोडतो. आतडं विरतं, डोळे मोठे होतात, नर पुढून पांढरा नि मागून लाल, मादी पिवळी. हाच तो जर्नलमधला हेटरोनेरीस! एक जोडी काचेच्या वाडग्यात सोडली की नर मादीभोवती गरगर फिरू लागतो, अंडी आणि शुक्राणू पाण्यात सुटतात, आणि थोड्याच वेळात दोघंही मरतात.

अंडं मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढं. तासाभरात त्याभोवती पारदर्शक जेली फुगते, भिजवलेल्या सब्जासारखी. दुसऱ्या दिवशी पिल्लू पोहायला लागतं. त्याचा डोळा अवघ्या दोन पेशींचा: एक उजेड टिपणारी, दुसरी काळ्या रंगद्रव्याची. तिसऱ्या दिवशी केसाळ पायांचे तीन खंड दिसतात. तापमान सारखं ठेवलं तर एका खेपेची सगळी भ्रूणं बरोबरीने वाढतात. त्यामुळे अमुक तासाला अमुक पेशी कुठे असेल, याचा नकाशाच करता येतो. संशोधकांना याचं एवढं अप्रूप आहे ते म्हणूनच.

बेळगावात हे जमेल? उन्हाळ्यात 18 अंशांची खोली सांभाळणं खर्चाचं, बाकी सामान फार महाग नाही. परदेशी कृमी मागवण्यापेक्षा मला गोवा-कारवारच्या खाड्यांतले नेरीस वाढवून बघणं जास्त आवडेल. पण त्यांना चंद्र हवा, भरती-ओहोटी हवी, की पावसाळ्यात उतरणारा खारेपणा, हे आधी शोधावं लागेल.