उभ्या गाडीतला करंट कोण खातो?

आठवडाभर गाडी हलवली नाही आणि नंतर सेल्फ मारला तर नुसती टकटक. यावर आपल्याकडचा ठरलेला इलाज म्हणजे नवी बॅटरी. कधीकधी जुनी खरंच मेलेली असते. पण नवी बॅटरीही महिनाभरात बसली, तर गाडी बंद असताना कुणीतरी करंट खातंय हे नक्की. त्याला शोधायला सगळं वायरिंग उसवावं लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि थोडा धीर पुरतो. मीटरवरचा पहिला आकडाच बरंच काही सांगून जातो.

आधी बॅटरी तपासू. पूर्ण चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवल्यावर तिच्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. निगेटिव्ह केबल काढून बॅटरी रात्रभर तशीच ठेवा. सुटी असूनही सकाळी उतरलेली दिसली तर दोष तिच्या पोटात आहे, गाडीचा काही संबंध नाही. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास मिळत असतील तर चार्जिंगही ठीक आहे.

थोडा करंट प्रत्येक गाडी खातेच. घड्याळ, स्टिरिओची मेमरी, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) या सगळ्यांचे मिळून २० ते ५० मिलिअँपिअर चालतात. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत त्याहूनही कमी. लहान गाडीत ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर ३५ तास देऊ शकणारी, बॅटरी असते असं धरा. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे निम्मी व्हायला दोन आठवडे. त्यामुळे महिनाभर गावाला जाऊन आल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर बिघाड शोधत बसण्यात अर्थ नाही. जाताना केबल काढून ठेवायची, बस.

हा करंट मोजताना मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि सुटी केलेली केबल यांच्यामध्ये जोडायचा. अँपिअरवर असलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका. त्या स्थितीत त्याचा रोध जवळजवळ शून्य असतो, सरळ शॉर्ट होईल. मीटर मधे असताना सेल्फही मारायचा नाही, स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर खेचतो. दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे आतला दिवा विझेल. ईसीयूवाली गाडी झोपी जायला अर्धा तासही घेऊ शकते. तोवर दिसणारा आकडा खरा मानू नका. बरेच जण इथेच फसतात.

आता आकडा वाचू. साडेतीन अँपिअर? २१ वॅटचे दोन ब्रेक लाइट इतकेच खातात. पेडलचा स्विच अडकलाय का ते अंधारात गाडीच्या मागे उभं राहून बघा. ०.४ अँपिअर म्हणजे ५ वॅटचा एखादा बल्ब, बहुधा डिकीतला नाहीतर ग्लोव्ह बॉक्समधला. झाकण लावल्यावर तो विझतो की नाही हे बघायला आत मोबाइलवर व्हिडिओ चालू करून ठेवावा. एवढासा बल्ब दिवसाला १० अँपिअर-तास पितो, दोन दिवसांत बॅटरी निम्म्याखाली. ०.१५च्या आसपास असेल तर रिलेवर (कॉइलने चालणारा विजेचा स्विच) संशय घ्यावा: त्याच्या कॉइलचा रोध साधारण ८०-९० ओहम असतो, आणि १२ व्होल्टला तेवढाच करंट जातो. बंद गाडीत रिले हाताला कोमट लागला की चोर सापडलाच.

आकडा सारखा खाली-वर होत असेल तर मात्र नंतर बसवलेल्या वस्तूंकडे वळा. अलार्म, ट्रॅकर, डॅशकॅम, आणि माझ्या मते सगळ्यात आधी स्टिरिओ. त्याची पिवळी वायर कायम चालू लाइनवर आणि लाल वायर चावीवर असायला हवी. घाईत दोन्ही एकत्र पिळून टेप मारली की स्टिरिओला गाडी बंद झाल्याचं कळतच नाही.

एवढ्यानेही पत्ता लागला नाही तर फ्यूज. एकेक उपटून बघण्याची जुनी रीत चालते, पण फ्यूज परत लावताना झोपलेला ईसीयू जागा होऊ शकतो आणि पुन्हा थांबावं लागतं. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर घेऊन फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना टोकं लावा. १० अँपिअरच्या पात्याच्या फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहम असतो. तिथे १ मिलिव्होल्ट दिसला तर त्यातून साधारण १३० मिलिअँपिअर वाहताहेत. फ्यूज म्हणजे फक्त गल्ली. घर कोणतं, हे त्या लाइनवरची एकेक वस्तू सोडवूनच कळतं.

सगळे फ्यूज काढूनही आकडा ढिम्म हलला नाही तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र, बघा. त्याची जाड वायर बऱ्याच गाड्यांत थेट बॅटरीकडे जाते, फ्यूज बॉक्समधून नाही. आतले डायोड करंट एकाच दिशेने सोडतात. एखादा खराब झाला की बॅटरीतला करंट उलटा शिरतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडूनच ती जाड वायर काढायची, टोकाला टेप गुंडाळायची आणि मीटर परत जोडायचा. आकडा २०-३० मिलिअँपिअरवर आला, तर डायोड प्लेट बदलून घ्या. त्यासाठी अख्खा नवा अल्टरनेटर घ्यायची गरज बहुधा पडत नाही.